पर्डीच्या भिंतींआड : प्रिझन पेट पार्टनरशिपची ४५ वर्षे

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात टाकोमा शहराजवळ, प्यूजेट साउंडच्या खाडीकाठी गिग हार्बर नावाचे गाव आहे. राज्याचा स्त्रियांचा तुरुंग तिथे आहे. १९७१ मध्ये तो उघडला तेव्हा त्याचे नाव होते 'पर्डी ट्रीटमेंट सेंटर फॉर विमेन'. पुढे ते बदलून 'वॉशिंग्टन करेक्शन्स सेंटर फॉर विमेन' झाले, पण जुन्या लोकांच्या तोंडी पर्डी हेच नाव राहिले. १९८१ मध्ये या तुरुंगात 'प्रिझन पेट पार्टनरशिप' या नावाचे काम सुरू झाले. कोंडवाड्यात मरणाची वाट पाहत पडलेली बेवारस कुत्री तुरुंगात आणायची, कैदी स्त्रियांनी ती सांभाळायची, शिकवायची, आणि शिकून तयार झालेला कुत्रा अपंग किंवा आजारी माणसाला मदतनीस म्हणून द्यायचा. अमेरिकेतल्या तुरुंगांत आज कुत्री शिकवण्याचे जे शेकडो उपक्रम चालतात, त्यांची सुरुवात इथली मानली जाते. त्या कामाला ४५ वर्षे होत असताना हा मागोवा.

१९८१ पूर्वी

कुत्र्याच्या सोबतीने माणूस सावरतो, हे कुत्रे पाळणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. डॉक्टरांच्या जगाने मात्र ते मान्य करायला वेळ घेतला. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या खोलीत त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा एकदा योगायोगाने हजर होता, आणि कोशात गेलेला एक मुलगा त्याच्याशी खेळू लागला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लेव्हिन्सन यांनी हा अनुभव मानसतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला तेव्हा त्यांची टिंगल करणारेही निघाले.

तुरुंगाशी याची गाठ पडली ती ओहायो राज्यात. लिमा इथे गुन्हा केलेल्या मनोरुग्णांचे इस्पितळ होते. १९७५ च्या सुमारास तिथल्या वॉर्डातल्या माणसांना एक जखमी चिमणी सापडली. कुणाशी फारसे न बोलणारी, एकमेकांत न मिसळणारी ही माणसे किडे पकडून तिला भरवू लागली. फडके-बादल्या ठेवायच्या खोलीत त्यांनी तिला लपवून ठेवले. डेव्हिड ली या समाजकार्यकर्त्याने हे पाहिले आणि वॉर्डात प्राणी ठेवण्याची परवानगी मिळवली. नंतर प्राणी असलेला आणि नसलेला अशा दोन वॉर्डांची तुलना झाली, तेव्हा प्राणी असलेल्या वॉर्डात औषधे निम्म्यावर आली होती आणि मारामाऱ्याही कमी झाल्या होत्या.

वॉशिंग्टन राज्यात या विचाराचे सर्वांत मोठे पाठीराखे होते डॉ. लिओ बस्टॅड. पुलमन इथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे ते अधिष्ठाता. माणूस आणि प्राणी यांच्यातल्या नात्याचा अभ्यास व्हावा म्हणून ज्यांनी 'डेल्टा' ही संस्था उभी केली त्यांतले ते एक. तीच संस्था आज 'पेट पार्टनर्स' म्हणून ओळखली जाते. बस्टॅड दुसऱ्या महायुद्धात लढले होते आणि जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत वर्षाहून अधिक काळ काढून परतले होते. दार बाहेरून बंद असणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि ज्यांनी हे काम सुरू केले त्या कॅथी क्विन. पुढे त्या डोमिनिकन पंथात गेल्या आणि सिस्टर पॉलिन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कॅलिफोर्नियातले त्यांचे बालपण मारझोड आणि छळ यांत गेले. घरातून पळून जायचे, पकडले जायचे, कुठल्या तरी सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात डांबले जायचे, पुन्हा पळायचे, असे करता करता त्यांनी डझनभराहून अधिक संस्था पाहिल्या. मोठेपणी रस्त्यावर दिवस काढले. या वाटेवर त्यांना जोनी भेटली. जोनी ही जर्मन शेफर्ड कुत्री. ती बरोबर असली की रस्त्यात कुणी अंगावर येत नसे. जी माणसे आजवर तोंड फिरवून जात, ती थांबून कुत्रीची चौकशी करत, आणि मग तिच्या मालकिणीशीही दोन शब्द बोलत. कुत्रीला शिकवता शिकवता या बाईला कळले की आपल्यालाही काही येते, आपले कुणी तरी ऐकते. ज्या गोष्टीने आपण तरलो, ती गोष्ट कोंडलेल्या इतर बायकांपर्यंत पोहोचवावी, एवढाच विचार घेऊन त्या बस्टॅड यांच्याकडे गेल्या. या संस्थेचे बीज तिथे पडले.

१९८१ ते १९९० : परवानगी आणि पहिली कुत्री

सरकारी तुरुंगात बाहेरचा कागद न्यायचा तरी चार सह्या लागतात. इथे तर जिवंत जनावर न्यायचे होते. क्विन यांच्याकडे पदवी नव्हती, ओळख नव्हती, होता तो नुसता अनुभव, आणि तोही अधिकाऱ्यांपुढे सांगताना जड जावा असा. बस्टॅड यांनी आपले वजन वापरून शब्द टाकला, आणि एका विद्यापीठाचा अधिष्ठाता पाठीशी उभा राहिल्यामुळे तुरुंगाचे दार किलकिले झाले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आणि टाकोमा कम्युनिटी कॉलेज या दोघांनी शिक्षणाची बाजू उचलली. त्यामुळे कुत्रे शिकवणे हा वेळ घालवायचा छंद न राहता अभ्यासक्रम झाला. त्याचे श्रेयांक मिळू लागले. शाळा अर्धवट सोडलेल्या कित्येक बायकांचा कॉलेजशी आलेला हा पहिला संबंध.

अधिकाऱ्यांच्या शंका खोट्या होत्या असे म्हणता येणार नाही. कुत्रा कुणाला चावला तर? कैद्याने रागाच्या भरात त्याला मारले तर? पट्ट्यातून, खाण्याच्या पिशवीतून काही आत आले तर? मध्यरात्री कुत्र्याला बाहेर न्यावे लागले तर कुलूप कुणी उघडायचे? या प्रत्येक प्रश्नाला नियम करून उत्तर द्यावे लागले. असल्या कामात लेखी नियमांइतकीच गरज असते ती कुणी तरी पहिला भरवसा टाकण्याची. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची गोष्ट मराठी वाचकाला 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे ठाऊक आहे; तिथेही आधी भरवसा टाकला गेला आणि मग माणसे त्याला उतरली. पर्डीतही क्रम तोच होता. ज्या अधीक्षकांनी आणि पहारेकऱ्यांनी त्या पहिल्या काळात कुत्र्यांना आत येऊ दिले, त्यांचा वाटा संस्थापकांच्या बरोबरीने मोजायला हवा.

कुत्री कुठून आणायची हा प्रश्न, दुर्दैवाने, सोपा होता. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोंडवाड्यांत वर्षाला कोटीहून अधिक कुत्री-मांजरे मारली जात, असे तेव्हाचे अंदाज सांगतात. त्यांतली बरीच धडधाकट असत. घर बदलले, मूल झाले, पिल्लू मोठे होऊन आवरेनासे झाले, अशा कारणांनी सोडून दिलेली. संस्थेने सुरुवातीपासून ठरवले की महागडी, खास पैदास केलेली पिल्ले घ्यायची नाहीत, कोंडवाड्यातूनच निवडायची. हा निर्णय खर्चिक होता, कारण अशा कुत्र्यांतली बरीच मदतनिसाच्या कामाला उतरत नाहीत. पण माझ्या मते संस्थेचे सारे मोल या एका निर्णयात आहे. ज्या बाईवाचून बाहेर कुणाचे काही अडत नाही, तिच्या हाती असा कुत्रा आला की ज्याच्यावाचूनही कुणाचे अडत नव्हते. आणि दोघांनी मिळून तयारी करायची ती अशा माणसासाठी, ज्याचे पावलोपावली अडते.

१९८६ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्डच्या केनेडी स्कूलने राज्य व स्थानिक सरकारांमधल्या नव्या कल्पनांसाठी पुरस्कार सुरू केले. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत पर्डीचा हा उपक्रम होता. त्यानंतर इतर राज्यांतून विचारणा येऊ लागल्या.

१९९१ ते २००० : संस्थेला स्वतःचे पाय

नव्वदीच्या सुरुवातीला हा उपक्रम स्वतंत्र, ना-नफा संस्था म्हणून नोंदला गेला. तुरुंगाच्या आवारात काम, पण कारभार स्वतःच्या विश्वस्त मंडळाकडे, आणि पैसा देणग्यांतून व स्वतःच्या कमाईतून, अशी घडी बसली. सरकारी अंदाजपत्रकात कात्री लागली की पहिली गदा ज्यांच्यावर येते त्यांत तुरुंगातले शिक्षण असते, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे दूरगामीपण कळेल.

याच सुमारास बाहेरचे जगही बदलले. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. मदतनीस कुत्र्याला घेऊन दुकानात, उपाहारगृहात, बसमध्ये जाण्याचा हक्क त्याने पक्का केला. आंधळ्यांना वाट दाखवणारी कुत्री अमेरिकेत १९२९ पासून होती. आता चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, आकडी येणाऱ्याला, कानाने अधू असणाऱ्याला कुत्र्याची मदत घेता येईल हे लोकांना समजू लागले. मागणी वाढली. शिकवणारे हात कमी, आणि शिकवायला वेळ भरपूर लागतो. हा वेळ तुरुंगात होता.

कुत्रा कसा शिकतो, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कोंडवाड्यातून आलेला कुत्रा पहिले काही दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. लोखंडी दार आपटल्याचा आवाज, घोषणांचा कर्णा, पहारेकऱ्याच्या बुटांची टापटाप, या साऱ्याने तो दबलेला असतो. बाई जमिनीवर बसते, त्याच्याकडे पाठ करून, हातात खाऊ ठेवून. ओढायचे नाही, बोलवायचे नाही. तो आपणहून हाताला नाक लावतो तेव्हा धडा सुरू होतो. हाताला नाक लाव, शाब्बास, खाऊ. मग हाताऐवजी दिव्याच्या बटनाला नाक लावायचे. मग पंजा. दुसरीकडे दोरीशी खेळ चालू असतो: ओढ, सोड, पुन्हा ओढ. दोरीची ही ओढाताण पक्की झाली की ती दोरी फ्रिजच्या किंवा कपाटाच्या दाराला बांधायची, आणि खेळातला कुत्रा दार उघडू लागतो. पडलेली किल्ली उचलून मांडीवर ठेवणे त्याहून अवघड, कारण धातू तोंडात धरणे कुत्र्याला आवडत नाही. आधी लाकडाची कांडी, मग कापड गुंडाळलेली किल्ली, मग थोडे कापड कमी, असे करत आठवडे जातात. चाकाच्या खुर्चीची सवय लावण्यासाठी शिकवणारी स्वतः खुर्चीत बसते आणि कुत्र्याला बरोबर चालवते, त्याचा पंजा चाकाखाली येणार नाही असा.

यात मारझोडीला जागा नाही. नियम आहे म्हणून नाही, तर मारलेला कुत्रा शिकत नाही म्हणून. दबलेला कुत्रा दार उघडेल कदाचित, पण मालक खाली कोसळला तर स्वतःच्या बुद्धीने मदत आणायला जाणार नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर मार खाल्ला, आणि ज्यांच्यातल्या काहींनी मारलेही, त्या इथे रोज पाहतात की आवाज न चढवता दुसऱ्या जिवाकडून काम करून घेता येते. अमेरिकेतल्या तुरुंगांत असलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींनी लहानपणी किंवा संसारात अत्याचार सोसलेले असतात, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले आहे. त्यांना 'तू बदल' असे सांगणारे पुष्कळ भेटलेले असतात. कुत्रा मात्र त्यांच्या हातून बदलतो आणि ते त्यांना डोळ्यांनी दिसते.

पुढचा भाग कठीण. कुत्रा तयार झाला की द्यायचा. महिनोन्महिने जो कोठडीत पायाशी झोपला, त्याची दोरी परक्या माणसाच्या हाती सोपवायची. त्या वेळी रडणे येतेच, आणि संस्थेतल्या जुन्या बायका नव्यांना ते आधीच सांगून ठेवतात. पण समोर चाकाच्या खुर्चीत बसलेले माणूस असते, आणि ते कुत्र्याबरोबर पुढच्या कैक वर्षांचे आपले दिवस कसे जातील याचा अंदाज घेत असते. ज्या हातांनी समाजाचे काही तरी घेतले म्हणून शिक्षा झाली, त्याच हातांनी काही दिले जाते, आणि घेणारा मनापासून आभार मानतो. न्यायालयाच्या कुठल्याही हुकुमाने ही गोष्ट साधत नाही.

सगळीच कुत्री मदतनीस होत नाहीत. एखादे फार भित्रे, एखादे मांजर दिसले की सगळे विसरणारे, एखाद्याचे मागचे सांधे कच्चे. अशांनाही माणसांत वागायचे शिकवून घरे शोधून दिली जातात. संस्थेत त्यांना 'पॅरोलवरची कुत्री' म्हणतात. तुरुंगातल्या बायकांनी प्रेमाने स्वीकारलेले हे नाव.

याच काळात संस्थेने आवारात कुत्री ठेवण्याचे आणि ग्रूमिंगचे केंद्र चालवायला घेतले. गिग हार्बर परिसरातले लोक बाहेरगावी जाताना आपली कुत्री इथे ठेवतात, आंघोळ घालायला, केस कापायला, नखे काढायला आणतात. मालकांना आपला लाडका जीव तुरुंगात ठेवताना सुरुवातीला कसे वाटले असेल याची कल्पना करता येते. पण केंद्र चालले. बायकांना प्राण्यांची निगा राखण्याची व्यावसायिक प्रमाणपत्रे मिळू लागली. सुटून गेल्यावर हातात अर्ज भरण्यासारखे काही असणे ही कैद्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

आणि उपक्रम पसरला. ऑरेगन राज्यात वुडबर्न इथल्या मॅक्लारेन या किशोरवयीन मुलांच्या सुधारगृहात १९९३ मध्ये 'प्रोजेक्ट पूच' सुरू झाले. तिथली मुले कोंडवाड्यातली कुत्री शिकवून घरांना देतात. न्यूयॉर्कमध्ये १९९७ मध्ये 'पपीज बिहाइंड बार्स' सुरू झाले. सिस्टर पॉलिन स्वतः विस्कॉन्सिन आणि इतर राज्यांत जाऊन नवे उपक्रम उभे करायला मदत करत राहिल्या. एका ठिकाणी पाय रोवून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पर्डीचे काम तिथल्या लोकांनी पुढे नेले आणि त्या पुढच्या तुरुंगाच्या दाराशी गेल्या. एवढ्या वर्षांत मतभेदाचे प्रसंग कोणत्या संस्थेत येत नाहीत? त्यांचा पाढा इथे वाचण्याचे कारण नाही. काम थांबले नाही, एवढे नोंदवणे पुरे.

२००१ ते २०१०

२००१ मध्ये संस्थेच्या सुरुवातीच्या काळावर बेतलेला 'विदिन दीज वॉल्स' हा चित्रपट अमेरिकन दूरचित्रवाणीवर आला. सिस्टर पॉलिन यांची भूमिका एलन बर्स्टिन यांनी आणि कैदी स्त्रीची लॉरा डर्न यांनी केली. ज्यांनी कधी तुरुंगाचे फाटक पाहिले नव्हते अशा घरांत हा विषय पोहोचला.

या काळात तुरुंग मात्र भरत होते. मादक पदार्थांविरुद्धच्या कडक कायद्यांमुळे अमेरिकेत कैदेत असलेल्या स्त्रियांची संख्या १९८० मधल्या सुमारे २६ हजारांवरून २०१९ पर्यंत २ लाख २२ हजारांवर गेली. त्यांतल्या बहुतेक आया. पर्डीत १९९९ पासून काही निवडक कैदी स्त्रियांना आपल्या तान्ह्या बाळाला बरोबर ठेवण्याची सोय झाली होती. कुत्र्यांचा उपक्रम आणि ही सोय या दोन्हींमुळे या तुरुंगाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. दाटीवाटीच्या तुरुंगात कुत्र्याबरोबर कोठडी मिळणे हा मान होता. वर्तन चांगले हवे, आणि मुलांवर किंवा प्राण्यांवर अत्याचार केलेला नसावा, अशा अटी असल्या उपक्रमांत असतात. कुत्रा गेला तर सारेच जाते, हे प्रत्येकीला माहीत. त्यामुळे भांडण पेटण्याआधी दोघी बाजूला होत.

२०११ ते २०२०

मार्च २०११ पासून अपंग हक्क कायद्याची नवी नियमावली लागू झाली. मदतनीस प्राणी म्हणजे विशिष्ट काम शिकवलेला कुत्रा, हे तिने स्पष्ट केले. नुसता धीर देणारा पाळीव प्राणी आणि शिकवलेला मदतनीस यांतला फरक कायद्याने सांगितल्यामुळे पर्डीत होणाऱ्या कसून शिक्षणाचे महत्त्व वाढले. आकडी येणाऱ्या रुग्णांसाठी कुत्री तयार करणे हा संस्थेच्या कामाचा एक भाग आहे. आकडी आल्यावर रुग्णाजवळ थांबणे, मदत बोलावणे हे शिकवता येते. आकडी येण्याआधीच चाहूल लागून इशारा देणारी कुत्रीही असतात, पण ते कसे घडते यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, आणि ते हमखास शिकवता येईल असे वचन कुणी देऊ नये.

दरम्यान राज्यातल्या इतर तुरुंगांतही, पुरुषांच्यासुद्धा, कुत्री आली होती. या सगळ्यांचा एकत्र अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्री सांभाळणाऱ्या कैद्यांकडून शिस्तभंग आणि हिंसेचे प्रकार कमी होतात, त्यांच्या तक्रारीही घटतात, असे त्यात दिसले. या क्षेत्रातले अभ्यासक सावधगिरीचा इशाराही देतात: मुळात वर्तन चांगले असलेल्यांनाच कुत्रा मिळतो, तेव्हा सारे श्रेय कुत्र्याला देता येत नाही. इशारा योग्य आहे. सुटल्यानंतर माणूस पुन्हा गुन्हा करतो की नाही याबद्दल तर आणखी जपून बोलायला हवे. संस्थेच्या हितचिंतकांनी, माझ्यासकट, मोठाले आकडे फेकण्याचा मोह टाळलेला बरा. आकड्यांत न मावणारे पुष्कळ काही या कामात आहे आणि ते तसेच सांगितले तरी पटते.

१९९८ मध्ये डॉ. बस्टॅड गेले होते. मार्च २०२० मध्ये सिस्टर पॉलिन यांचेही निधन झाले. ज्या बाईला लहानपणी एकामागून एक संस्थांनी कोंडले, तिने सुरू केलेले काम त्या दिवशी देशभरच्या तुरुंगांत चालू होते.

आज

संस्थेचे काम आज तीन अंगांनी चालते: मदतनीस कुत्री तयार करणे, मदतनीस न झालेल्यांना घरे मिळवून देणे, आणि कुत्री ठेवण्याचे व ग्रूमिंगचे केंद्र. पहिल्या कामातली एक अडचण बाहेरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. तुरुंगात सरकता जिना नसतो, बाजाराची गर्दी नसते, भाजीच्या मंडईतला वास नसतो, आणि लहान मुले धावत येऊन गळ्यात पडत नाहीत. ज्या कुत्र्याला उद्या हे सगळे पेलायचे आहे, त्याला ते भिंतीआड दिसणार कसे? त्यासाठी बाहेरचे स्वयंसेवक लागतात. ते कुत्र्याला काही दिवस घरी नेतात, बसमधून फिरवतात, दुकानात बसवून ठेवतात आणि परत आणून सोडतात. आत शिकवणारी बाई मग विचारते: लिफ्टमध्ये घाबरला का? जिन्यावर थांबला का? तिने न पाहिलेल्या, किंवा कित्येक वर्षांत न पाहिलेल्या शहराचा हालहवाल तिला कुत्र्याच्या निमित्ताने कळतो, आणि त्या माहितीवर ती उद्याचा धडा आखते.

नव्या बाईला पहिल्याच दिवशी कुत्रा मिळत नाही. आधी पिंजरे धुणे, भांडी घासणे, विष्ठा उचलणे, दुसरीच्या कुत्र्याला फिरवणे. ज्यांना लगेच लळा हवा असतो त्यांची इथे कसोटी लागते. काही मध्येच सोडतात. टिकतात त्या पुढे शिकवणाऱ्या होतात, आणि नवीन आलेलीला फडके कसे धरायचे तेही त्याच दाखवतात. कुत्री शिकवायला आलेल्या बायका हळूहळू एकमेकींच्या शिक्षिका झालेल्या असतात. सुटल्यावर काही जणी प्राण्यांच्या दवाखान्यात, ग्रूमिंगच्या दुकानात काम धरतात. सगळ्यांचे सुरळीत होत नाही. बाहेर घर मिळत नाही, जुनी माणसे भेटतात, नोकरीच्या अर्जावर शिक्षेचा रकाना असतो. संस्थेच्या हातात शिफारसपत्र देणे आहे, आणि शिकलेली विद्या त्या बायकांजवळ राहते.

या ४५ वर्षांचे श्रेय कुणा एकाचे नाही. संस्थापकांची नावे सांगता येतात. चांगल्या स्वभावाचा कुत्रा हाती लागला की आवर्जून कळवणारे कोंडवाड्यातले कर्मचारी, जखमी कुत्र्यावर उपचार करणारे पशुवैद्य, शनिवार-रविवार घालवणारी स्वयंसेवक कुटुंबे, हिशेब जुळवणारे विश्वस्त, पगार कमी आणि फाटकावरच्या तपासण्या अनेक असूनही टिकून राहिलेले प्रशिक्षक, पावसात फाटक उघडून कुत्र्याला बाहेर नेऊ देणारे रात्रपाळीचे पहारेकरी, यांची यादी करू म्हटले तर ती अपुरीच राहील. ज्यांनी प्रत्यक्ष शिकवले त्या बायकांची नावे छापणे योग्य नाही. त्यांतल्या पुष्कळ जणी आता बाहेर आहेत, नव्या गावांत राहतात, आणि मागचे आयुष्य शेजाऱ्यांना सांगायचे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी घडवलेली कुत्री मात्र वॉशिंग्टन राज्यात आणि बाहेरही घरोघर कामाला आहेत, आणि एखादे म्हातारे होऊन निवृत्त झाले की त्याच्या जागी दुसऱ्यासाठी पर्डीकडे पुन्हा अर्ज येतो.